बेबीच्या लिंबाला बुरशी

साईनगर, अमरावती
४ ऑगस्ट २०२५

ती. उत्तमदादांस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडे ठीक नाही हे मला बद्रुद्दीनभाईंकडून कळलं, तुमच्याकडून नाही. शनिवारी ते लिंबाचा माल घेऊन इथल्या बाजारात आले होते, परतताना दारात थांबले आणि म्हणाले की डोळ्याच्या दवाखान्यातून दादांना दुसऱ्यांदा परत पाठवलं. हिरवा झगा घालून झाला, डोळ्यात थेंब टाकून झाले, आणि बीपी मोजलं तर वरचा आकडा एकशे नव्वद! दीडशेच्या आसपास आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही असं डॉक्टर म्हणाले म्हणे. आणि डावा मोतीबिंदू इतका पिकला आहे की आणखी थांबलात तर त्या डोळ्याचा उजेड कायमचा जाईल असंही म्हणाले. सख्ख्या बहिणीला हे लिंबाच्या व्यापाऱ्याकडून कळावं का दादा?

फोन करणार होते. पण फोन कानाला लावला की माझं कानातलं मशीन शिट्टी मारतं. व्हिडिओ कॉलचं तर विचारू नका. तुम्हाला मी दिसत नाही, मला तुम्ही ऐकू येत नाही, मागच्या वेळी दहा मिनिटं आपण नुसते हात हलवत बसलो आणि शेवटी मी कोणाला हात हलवते आहे हेच मला कळेना. त्यापेक्षा पत्र बरं. रागिणी वाचून दाखवेल.

आता माझं ऐका. बीपीचं मूळ डोक्यात नसतं, पोटात असतं. तुमचं पोट लहानपणापासून हट्टी. पोट साफ झालं नाही की तुम्ही चिडता, चिडलात की चेहरा लाल होतो, हे मी दुसरीत असल्यापासून पाहते आहे. म्हणून बद्रुद्दीनभाईंसोबत खारातल्या लिंबाची बरणी पाठवते. तुमच्याच वाडेगावच्या बागेतली लिंबं, सहा वर्षं मुरलेली, काळी झालेली. ओवा, हिंग, सैंधव, पादेलोण, सगळं आईच्या हिशेबानं. दोन्ही जेवणांनंतर एक एक फोड.

आणि आईचा नियम लक्षात असेलच. एकमेकांकडे पाठवलेली बरणी उष्टी परत करायची नाही, रिकामीही परत करायची नाही. तळ दिसला की धुवायची आणि त्यात आपल्या घरचं काहीतरी घालून पाठवायची.

मुला-सुनेला, मनोजला आणि रागिणीला, आशीर्वाद. लोभ तर आहेच तुमचा, आता थोडं ऐकणंही असू द्यावं.

तुमची,
बेबी

*

डाबकी रोड, अकोला
१४ ऑगस्ट २०२५

चि. बेबीस अ. उ. आ.

पत्र मी सांगतो आहे, रागिणी लिहिते आहे. सुनेचं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात, मला तर ते मुंग्यांसारखं दिसतं. (मामाजी, मुंग्या दिसतात म्हणजे बरंच दिसतं. — रागिणी)

तुझी बरणी पावली आणि संपलीसुद्धा. नऊ दिवसांत तळ दिसला. काय लिंबू झालं आहे बेबी! जिभेवर ठेवलं की आई चुलीपाशी बसलेली दिसते. डोळ्याला काही दिसत नाही, पण लिंबानं ती दिसते. बरणी धुऊन तिच्यात आपल्याकडचे मूग भरले आहेत, बद्रुद्दीन मंगळवारी आणेल.

तुला एक आनंदाची बातमी. डोळ्याच्या डॉक्टरांनी मला बीपीसाठी कोणाकडे पाठवलं असेल? आपल्या नाजियाकडे. बद्रुद्दीनची मोठी मुलगी, जिला तू कडेवर घेऊन बागेत फिरवायचीस आणि जिनं तुझा पदर दोनदा खराब केला होता. आता एवढी मोठी डॉक्टर झाली, पण मला चाचाच म्हणते. तर तिनंही तुझंच म्हणणं सांगितलं! म्हणाली की चाचा, पोटाचा आणि बीपीचा संबंध आहे. आपल्या आतड्यात अब्जावधी जीव राहतात, म्हणे. चांगले असतात, वाईट असतात. आपण भाकर, भाजी, सालाची डाळ खाल्ली की त्यातला चोथा चांगल्यांच्या वाट्याला येतो, ते त्यातून असं काही बनवतात की रक्ताच्या नळ्या सैल राहतात. ते उपाशी राहिले की नळ्या आखडतात. मी तिले म्हटलं की पोरी, मले तर वाटे माह्या पोटात मी एकटाच राहून राहिलो. खूप हसली.

गोळ्याही दिल्या आहेत, त्या मी घेतो. (एक दिवसाआड. — रागिणी) रोज घेतो. (आजपासून. — रागिणी)

डोळ्याचं म्हणशील तर चालतं आहे. परवा फाटकाशी उभं राहून शेजारच्या नत्थुजींना रामराम घातला, तब्येत विचारली, पावसाचं बोललो. उत्तर येईना म्हणून जवळ गेलो तर मनोजनं वाळत घातलेला रेनकोट होता. बागेत पिवळं लिंबू कोणतं आणि हिरवं कोणतं हे मजुरांना विचारावं लागतं, त्याचं मात्र मला वाईट वाटतं. चाळीस वर्षं मी नुसत्या नजरेनं माल लावला.

ऑपरेशनची नवी तारीख अठ्ठावीस ऑगस्ट आहे. कालचं बीपी एकशे चौऱ्याऐंशी. तुझ्या लिंबानं उतरेल.

आशीर्वाद आहेतच, ते काही संपायचे नाहीत.

तुझा भाऊ,
उत्तम

*

साईनगर, अमरावती
१९ ऑगस्ट २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मूग पावले. निवडून घेतले, तीन खडे निघाले. तुम्ही निवडले असणार.

पोटाचा आणि बीपीचा संबंध आहे हे नाजियानं मान्य केलं, फार बरं वाटलं. मी आठवी पास आहे आणि ती एवढं शिकली, पण दोघींचं म्हणणं एकच निघालं. तिला माझा आशीर्वाद सांगा. मात्र त्या अब्जावधी जिवांचं काही मला पटलं नाही. आपल्या घराण्यात पोटात काही असण्याची पद्धत नाही. बाबा नव्वद वर्षं जगले, त्यांच्या पोटात कोणी राहत नव्हतं. असतीलच तर त्यांना भाकरी घालून पोसायचं कशाला? जंताचं औषध द्यायचं. सोबत वावडिंगाची पूड पाठवते आहे.

दुसरी गोष्ट. माझी बरणी नऊ दिवसांत संपते म्हणजे पोट किती बिघडलं असेल याचा मी रात्रंदिवस विचार करते आहे. ती बरणी दीड किलोची होती. म्हणून आता मोठी पाठवते, तीन किलोची. एका फोडीनं भागत नसेल तर दोन घ्या. ताकातही थोडा खार घाला. त्यानं फरक पडला नाही तर मी माझ्या हातानं बरणी फोडेन.

इथे घरात मी एकटीच. हे गेल्यापासून एका माणसाचा स्वयंपाक करणं जिवावर येतं. सकाळची पोळी आणि लिंबाची फोड खाल्ली की माझं जेवण होतं. पण तुमच्यासाठी बरणी भरायला बसले की दुपार कुठे जाते ते कळत नाही. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधताना हात अजून आईसारखा फिरतो.

अठ्ठावीस तारखेला देवाजवळ दिवा लावते. काही झालं तर लगेच कळवा, बाजारातून कळायला नको.

माझी आठवण रोज फोडीबरोबर यावी.

बेबी

*

अकोला
२ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाईंस,
रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे. मामाजींना माहीत नाही आणि कळलं तर ते मला बागेतल्या विहिरीत टाकतील. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती, शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा.

अठ्ठावीस तारखेचं ऑपरेशन झालं नाही. बीपी एकशे ब्याण्णव निघालं. तिसऱ्यांदा परत आलो. डोळ्याचे डॉक्टर यावेळी बोलले नाहीत, त्यांनी नुसती चिठ्ठी नाजियाताईंकडे पाठवली, आणि मला ते रागावण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. येताना दारात ऑटोतून उतरताना मामाजींना पायरी दिसली नाही, गुडघ्यावर आपटले. लागलं नाही, पण त्यांनी उठायला माझा हात मागितला. आत्याबाई, आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाणीसुद्धा मागितलेलं नाही.

नाजियाताईंना आश्चर्य वाटत होतं. गोळ्या वाढवल्या, मी समोर उभी राहून देते, तरी आकडा वर कसा? त्यांनी मला सांगितलं की मामाजींच्या तोंडात जे जे जाईल ते चार दिवस वहीत लिही. मी शाळेत तीस मुलांची हजेरी घेते, मला काय अवघड! सगळं लिहिलं. भाकर, वरण, पालक, चहा. वही पाहून त्या म्हणाल्या की यात तर काहीच वाईट नाही. तेवढ्यात मामाजी म्हणाले की बेबीचं औषधही चालू आहे. कोणतं औषध? तर लिंबू. मी का लिहिलं नाही? तर त्यांनीच मला सांगितलं होतं की ते जेवण नाही, औषध आहे, ते वहीत येत नाही.

दिवसाला किती फोडी, असं विचारल्यावर मामाजी छताकडे पाहायला लागले. खरं सांगते, सात ते आठ. शिवाय ताकात खार. शिवाय दुपारी सगळे झोपले की बरणीत बोट. नाजियाताईंनी कागदावर मांडलं. दिवसभरात माणसाला एक लहान चमचा मीठ पुरे, सगळं धरून. मामाजींच्या पोटात त्या लिंबातूनच पाच-सहा चमचे जात होतं. एक तर मिठानं बीपी वाढतं, हे पक्कं. आणि आतड्यातले ते चांगले जीवही जास्त मिठानं मरतात असं दिसून आलं आहे, त्यावर अजून अभ्यास चालू आहे, पण त्यांना भाकर घालायची आणि वरून खार ओतायचा म्हणजे पेरलेल्या वावरात मीठ पेरण्यासारखं आहे, असं त्या म्हणाल्या.

हे सगळं ऐकून मामाजी काय म्हणाले ते लिहिते, कारण त्यासाठीच हे पत्र आहे. म्हणाले की बेबीले हे सांगायचं नाही. आपले जावई, तिचे मालक गेल्यापासून तिच्या हाताले दुसरं काम नाही, मी लिंबू नको म्हटलं तर ती काय करन? बरणी उष्टी परत जाणार नाही. डोळा गेला तर जाऊ द्या, एक राहते. आणि त्याच दिवशी जेवणानंतर पुन्हा तीन फोडी घेतल्या. तुमची तीन किलोची बरणी संपवूनच परत करायची, असं त्यांनी ठरवलं आहे. लवकर संपवली तर लवकर सुटू, असा त्यांचा हिशेब आहे. पण लवकर संपली की तुम्ही पाच किलोची पाठवाल, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मी लपवून ठेवली तर वास काढत जातात. त्यांचं नाक डोळ्यापेक्षा चांगलं आहे. मी हरले आहे. आता तुम्हीच काय ते करा.

रागवलात तरी चालेल, पण माया कमी करू नये.

तुमची,
रागिणी

*

साईनगर, अमरावती
७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रागिणीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. शेवटपर्यंत वाचलं आणि मग रागावले.

माझ्या आईच्या लिंबाला आजवर कोणी नाव ठेवलं नाही. अचलपूरपासून बडनेऱ्यापर्यंत बाळंतिणीसाठी लोक माझ्याकडून फोड मागून नेतात. परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचं पोट दुखत होतं, दोन फोडींत उठून उभा राहिला आणि नळ न करताच निघून गेला. आणि तू म्हणतेस माझ्या लिंबानं दादांचा डोळा जातो आहे! तू भजी करतेस त्यात सोडा किती घालतेस ते नाजियाला सांगितलंस का? आणि ती पुडीतली शेव? आणि पापड? वहीत तेही लिहायचं होतं.

असं मी काल लिहिलं होतं. पत्र पाकिटात घातलं नाही. आज पुढे लिहिते.

रात्रभर मी तो हिशेब करत होते. एक किलो लिंबाला आई पाव किलो मीठ घालायची, वर सैंधव आणि पादेलोण वेगळं. माझ्याच हातानं मी मापलं आहे. दीड किलोची बरणी नऊ दिवसांत. मग तीन किलोची. रागिणी, मी आठवी पास आहे, पण मापाला मी कधी चुकले नाही. माझ्या भावाला मी महिनाभर मीठ चारलं आणि वर म्हटलं की एका फोडीनं भागत नसेल तर दोन घ्या.

सकाळपासून काही सुचलं नाही. तो माणूस माझं मन राखायला डोळा द्यायला निघाला! लहानपणी मी केलेली पहिली भाकर जळून काळी झाली होती, तीही यानं गूळ लावून पूर्ण खाल्ली होती आणि दुसरी मागितली होती. याला बंद कर म्हटलं तर हा बंद करणार नाही. मी खाऊ नका म्हटलं तर म्हणेल की बेबीचं मन दुखावलं आहे म्हणून ती असं म्हणते, आणि जास्त खाईल. मी ओळखते त्याला.

तेव्हा मी काय करायचं ते ठरवलं आहे. दादांना वेगळं पत्र टाकते आहे. त्यात जे लिहीन ते वाचताना तू हसू नकोस आणि रडूही नकोस, सरळ वाचून दाखव. भजीचं मी लिहिलं ते मनात ठेवू नकोस. पण सोडा कमी घाल.

तुझ्यावर जीव आहे, तो रागावूनही तसाच राहतो.

तुझी,
आत्याबाई

*

साईनगर, अमरावती
८ सप्टेंबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहायला लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे. मी पाठवलेली मोठी बरणी खाऊ नका. त्या लिंबाला बुरशी आली आहे.

पावसात शेजारची पिंकी फोड मागायला आली होती, मी घाईत ओला चमचा बरणीत घातला. त्याच बरणीतलं तुम्हाला भरून पाठवलं. आता माझ्याकडे उरलेलं पाहिलं तर वर पांढरी साय धरलेली. पन्नास वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. आई असती तर तिनं मला बरणीला हात लावू दिला नसता. सगळी घाण नाल्यात टाकली. तुमच्याकडची रागिणीला आजच्या आज टाकायला सांगा. बुरशीचं लिंबू उष्टं टाकलं तर दोष लागत नाही, आईनंच सांगितलं होतं.

पुढच्या वर्षीपर्यंत मी लिंबू घालणार नाही. हात विटला.

आणि पोटाचा मी मनाशी पुन्हा नीट विचार करून पाहिला. ते जे अब्जावधी लोक तुमच्या आत राहतात त्यांना उपाशी ठेवणं बरं नव्हे. पाहुणे असोत की भाडेकरू, आपल्या दारात आहेत. ज्वारीची भाकर खात जा. पालक, मेथी, सालाची मुगाची डाळ. ताक प्या, पण मीठ अजिबात नको, ताकाला स्वतःची चव असते. हे नाजियाचं नाही, माझं म्हणणं आहे. गोळी रोज घ्या. वावडिंग राहू द्या.

बुरशीचं मात्र कोणाला बोलू नका. गावोगावी लोक माझं नाव घेतात. आपल्या दोघांतच राहू द्या.

पदरात घ्यावं, लोभ आटू देऊ नये.

तुमची,
बेबी

*

अकोला
३० सप्टेंबर २०२५

चि. बेबीस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं, रागिणीनं वाचून दाखवलं. वाचताना तिला तीनदा ठसका लागला. बुरशीचं मनाला लावून घेऊ नकोस. होतं माणसाच्या हातून. माझ्या हातून तर अख्खी बाग एकदा फवारणीत करपली होती, तू तेव्हा मला बोलली नव्हतीस.

(आत्याबाई, हे मी लिहिते आहे, ते आत गेले आहेत. पत्र ऐकल्यावर त्यांनी बरणी मागितली. दादरा सोडला, बराच वेळ वास घेतला, आत बोट फिरवून पाहिलं. म्हणाले की याले कुठं बुरशी आहे? मग एकदम थांबले. खाटेवर बसले. म्हणाले की बेबी म्हणते तर असंन. दादरा स्वतःच्या हातानं पुन्हा बांधला आणि मनोजला सांगितलं की फडताळाच्या वरच्या फळीवर ठेव, जिथं माझा हात पोचत नाही. — रागिणी)

तुझ्या म्हणण्याप्रमाणे भाकर चालू आहे. बिनमिठाचं ताक पहिल्या दिवशी प्यायलो तेव्हा वाटलं की म्हशीची चूक असावी. आता सवय झाली. पहिले पंधरा दिवस पोटातल्या लोकांनी फार गोंधळ घातला. एवढा चोथा त्यांनी बापजन्मात पाहिला नसावा. बैठकीत चार माणसं बसली असताना ते बोलायला लागत. मी नत्थुजींकडे पाहत असे, म्हणजे लोकांना वाटावं त्यांचं आहे. आता मात्र शांतता आहे. सकाळी पोट असं साफ होतं की मला स्वतःविषयी आदर वाटायला लागला आहे.

कालचा आकडा एकशे अठ्ठावन्न. नाजिया म्हणाली की मीठ गेलं, गोळी नियमित झाली, भाकर आली, तिन्ही मिळून उतरलं. मी तिला सांगितलं की हे बेबीचं पथ्य आहे. तिनं मान हलवली.

एक चूक झाली, ती सांगून टाकतो. तू बुरशीचं कोणाला बोलू नका म्हणालीस, मी कोणालाच बोललो नाही. फक्त बद्रुद्दीनला बोललो. तो म्हणाला की बेबीबहीनची बरणी यावेळी कशी नाही, तेव्हा माझ्या तोंडून निघालं. त्यालाही मी कोणाला सांगू नको म्हणून बजावलं. त्यानं फक्त आपल्या बायकोला, खुर्शीदबी भाभीला सांगितलं. भाभी परवा आली, हातात पुलावाचं ताट, माझ्याजवळ बसली आणि तुझ्या लिंबाबद्दल अशा आवाजात विचारलं की शेजारच्या बाईला वाटलं घरात कोणी गेलं. अल्लाची मर्जी म्हणाली. पुलाव मात्र मिठाला कमी होता, नाजियानं घरीही पहारा बसवलेला दिसतो.

आता अमरावतीच्या बाजारात कोणी तुला काही विचारलं तर मान खाली घालू नकोस. मी आहे.

आशीर्वाद घे आणि मला माफ कर.

तुझा भाऊ,
उत्तम

*

साईनगर, अमरावती
६ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

एकशे अठ्ठावन्न! पत्र आलं तेव्हा मी दारातच वाचलं आणि पोस्टमनला साखर दिली. तो म्हणाला की काय, पास झालं का कोणी?

बाजारात कोणी विचारलं तर, म्हणता. विचारायला बाकी कोण आहे? काल भाजीवाली पार्वताबाई कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायला लागली. का, तर म्हणे ताईंवर वेळ आली. भजनी मंडळात गीतांजलीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला तिनं केलेलं लिंबाचं लोणचं दिलं. तिचं लोणचं! त्या बाईला हिंग भाजायचा की तळायचा हे अजून माहीत नाही. मी हसून घेतलं आणि घरी येऊन भांडी जोरजोरात घासली.

पण दादा, सांगते, मला त्याचं काही नाही. लोक वर्षभर बोलतील आणि विसरतील. तुम्ही दीडशेवर या.

तारीख मिळाली की कळवा, मी येणार आहे. बडनेऱ्याहून गाडीत बसले की दीड तासात अकोला. ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी बसेन. कानातलं मशीन घालून येईन.

भेटेपर्यंत हा लोभ पुरवून वापरावा.

तुमची,
बेबी

*

अकोला
१२ नोव्हेंबर २०२५

चि. बेबीस अ. उ. आ.

अक्षर पाहून ओळखलं असशील. रागिणीला सांगितलं, की तू बाजूला हो, आज मी लिहितो. ती दाराशी उभी राहून काळा चष्मा घाला म्हणून ओरडते आहे. घातला आहे. रेघ थोडी वर चढते, चालवून घे.

सहा तारखेला बीपी एकशे शेहेचाळीस निघालं तेव्हा त्या खोलीतल्या नर्सनं टाळी वाजवली, ते तुला बाहेर ऐकू गेलं नसेल. ऑपरेशन वीस मिनिटांचं. त्यासाठी चार महिने घातले आपण.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो. हे रागिणीच्या हातून लिहून घेता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा तू समोर होतीस. बेबी, दोन वर्षांत मी तुला नीट पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यात तू जावयांच्या वेळची होतीस. पट्टी सुटली आणि एकदम सगळं स्वच्छ झालं. भिंत इतकी पांढरी असते हे मी विसरलो होतो. आणि भिंतीसमोर तू, केस भिंतीसारखे. मी तुझा चेहरा पाहिला, मग लाज वाटली म्हणून खाली पाहिलं, तर तुझे पाय दिसले. दोन्ही पाय सुजलेले. चपलेच्या पट्ट्याचे वळ असे रुतलेले, की बोट आत जाईल. मालावरचा डाग मला कधी चुकत नव्हता. रागिणीला दिसले नाहीत, मनोजला दिसले नाहीत, सगळे माझ्या डोळ्याकडे पाहत होते.

म्हणून मी, मला पाहायला आलेल्या नाजियाला म्हटलं की इचं बीपी पाहा. तू म्हणालीस मले काय धाड भरली. तिनं पट्टा बांधला. दोनशे सहा.

त्यावर तू मशीन खराब आहे म्हणालीस, नाजियाच्या गालावर चापट मारलीस आणि दुपारच्या गाडीनं निघून गेलीस. माझं दोनशेच्या आत होतं तर तू रात्रंदिवस विचार केलास, आणि स्वतःचं दोनशे सहा घेऊन तू गाडीच्या पायऱ्या एकटी चढलीस.

मी जेवढी पत्रं लिहून घेतली, सगळ्यांत माझाच डोळा आणि माझंच पोट. तू कशी आहेस हे मी एकदाही विचारलं नाही. तू एकटी जेवतेस, पोळी आणि फोड खाऊन उठतेस, हे मी ऐकलं आणि पुढे गेलो. याची मला फार खंत आहे.

सोबत नाजियाची चिठ्ठी आहे. गोळीचं नाव तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. अमरावतीच्या तिच्या ओळखीच्या डॉक्टरांचा पत्ता मागे आहे, उद्याच जा. ते रक्त, लघवी तपासतील, हो म्हण. एकटीसाठी भाकर टाकायचा कंटाळा येतो तर मनोज रविवारी घ्यायला येतो आहे, हिवाळाभर इथे राहा. तू नाही म्हणणार, म्हणून त्याला तुझी पिशवी भरूनच दारातून निघ असं सांगितलं आहे.

मी रागावून लिहीत नाही. घाबरून लिहितो आहे. आई गेली, बाबा गेले, मला उत्तम म्हणून ओळखणारं जगात आता तूच आहेस. बाकी सगळ्यांना मी मामाजी, नाहीतर चाचा.

उजव्या डोळ्याची तारीख अठरा डिसेंबर दिली आहे. त्या दिवशीही पट्टी सुटेल तेव्हा मला पहिली तू दिसायला पाहिजेस. नसशील तर तो डोळा मी करून घेणार नाही, डॉक्टरांना तसं सांगून ठेवलं आहे.

गोळी घेतलीस की एका ओळीचं पत्र टाक. मी स्वतः वाचीन.

तुझा,
उत्तम